पॅराशूटचं धागा कटिंग

लग्नानंतर सात महिने माझा नवरा विमान उडवतो अशी सुरतेतल्या आमच्या सगळ्या पांडेसऱ्याची समजूत होती. त्या समजुतीत मीही होते.

यात ह्यांची काही चूक नाही. मला बघायला आले तेव्हा "हवाई दलात आहे" एवढंच ते म्हणाले होते. पुढचं विमान आम्ही घरीच जोडलं! तळावर क्वार्टर मिळेपर्यंत मी सुरतेत माहेरी. शेजारच्या जिजाबाई रोज विचारायच्या, "काय वं, तुना नवरा इमान चालाडस ना?" मी लाजून "हां" म्हणायची आणि ह्यांना पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी न चुकता लिहायची, 'जपून उडा.'

क्वार्टर मिळालं, मी तळावर गेले आणि आठवड्याभरातच आम्हा बायकांना तळ दाखवायला नेलं. नवरे दिवसभर करतात काय, ते घरच्यांनाही कळावं म्हणून. विमानं झाली, रडार झालं. (ह्यांचं विमान यातलं कुठलं, ते विचारायची हिंमत मी गोळा करत होते.) मग लांबलचक टेबलांची एक खोली आली. टेबलावर बांधून ठेवलेली पॅराशूट. त्यातल्या एकाला लाल धागा लोंबत होता.

आमच्या माहेरी मिलमधून साड्या यायच्या, धागा कटिंगला, म्हणजे सुटे धागे कापायला. लोंबता धागा दिसला की माझा हात राहत नाही. कटर जवळ नव्हता, म्हणून दात लावले. तुटेना, म्हणून जोरात ओढला!

फटाक! आतली स्प्रिंगची छत्री उसळली ती थेट मोठ्या साहेबांच्या मिसेसच्या पदरात. मागोमाग कापडाचा ढीग! मी घाबरून धावले आणि त्याची भराभरा साडीसारखी घडी घालायला लागले.

"मॅडम, हाथ मत लगाइए!" तिथले वॉरंट ऑफिसर ओरडले. "वो सील का धागा था! पाटील, ये तुमने पॅक किया था ना?"

कोपऱ्यातून पाटील पुढे आले. म्हणजे आमचेच!

"जी सर," ते म्हणाले. "और ये मेरी मिसेस हैं."

विमान गेलं ते गेलं, आता माझ्या दातांपायी ह्यांची नोकरीही जाणार! मी हात जोडले. "सर, गलती मेरी है, इनको मत निकालो!"

वॉरंट ऑफिसरसाहेबांनी हसू खोकल्यात लपवलं. "निकालेंगे नहीं. लेकिन सील टूटी, तो पूरा फिर से पॅक होगा."

बाकीच्या बायका चहाला गेल्या. मी ह्यांच्याजवळ बसून राहिले. ते एकेक चुणी तळहाताने सारखी करत होते, दोऱ्या मोजत होते. माझे आप्पा मिलच्या फोल्डिंग खात्यातले, पण अशी घडी त्यांनीही कधी घातली नसेल.

"सांगितलं का नाहीत?" मी हळूच विचारलं.

"सांगणारच होतो. पण ते 'जपून उडा' वाचायला बरं वाटायचं गं. असं मला दुसरं कोण लिहिणार?"

मला रडू आलं. मी मान वळवली. (पॅराशूट ओलं झालं असतं तर तिसऱ्यांदा पॅक करावं लागलं असतं!) शेवटी त्यांनी नवा लाल धागा बांधला आणि वहीत सही केली. ही घडी चुकली तर वरून उडी मारणाऱ्याचा जीव जातो, म्हणून ती सही. मला ह्यांचा इतका अभिमान वाटला, की वैमानिकाचाही वाटला नसता.

माझ्या घड्यांवर मात्र ह्यांचा अजून विश्वास नाही. मी घडी घातलेली प्रत्येक चादर ते उघडतात आणि पुन्हा घालतात. मीही आता मुद्दाम वाकडीच घालते!