सेव्ह केलेलं गाव

"ही डिस्क फेकायची न्हाय," याकूबभाई म्हणाले आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवून उभे राहिले.

मी तेव्हा बारामतीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनियर होतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. याकूबभाईंचं इंदापुरात लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. त्यांचा कॉम्प्युटर सारखा हँग होत होता. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. त्यातले काही कप्पे खराब झाले होते. साहेबांनी निघतानाच सांगितलं होतं, नवी डिस्क बसव, विंडोज टाक आणि ये.

पत्रिकांच्या फायली त्यांच्या पत्नी यास्मिनभाभींनी आधीच फ्लॉपीवर काढून ठेवल्या होत्या. मग अडलं कशात? जरा संकोचून भाभी म्हणाल्या, एका गेममध्ये.

गेम मारामारीचा नव्हता. एक नावाडी धरणाच्या पाण्यावर आपली हरवलेली बहीण शोधत फिरतो. माणसं भेटतात, प्रश्न विचारतात, उत्तर आपण निवडायचं. सगळं इंग्रजीत. दुपारी शटर अर्धं ओढून भाभी वाचायच्या, मराठीत सांगायच्या, आणि माउस याकूबभाईंच्या हातात. चार महिने चाललेली गोष्ट संपली होती. मग पुण्याहून भाच्यानं एक्स्पान्शनची सीडी पाठवली. एक्स्पान्शन म्हणजे गोष्टीची पुरवणी. तीत पाणी ओसरतं आणि खालचं गाव उघडं पडतं. पण ती आधी तुमच्या जुन्या सेव्ह वाचते, म्हणजे तुम्ही कुणाशी कसे वागलात याची नोंद. त्याच फायली खराब कप्प्यांत अडकल्या होत्या.

"पुन्हा खेळा की," मी म्हणालो.

"पुन्यांदा तसंच वागंन व्हय मी?"

मी स्क्रू काढत होतो तेव्हा ते सांगत राहिले. त्यांचं गाव, जुनं पळसदेव, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ते लहान होते. पाणी उतरलं की देऊळ दिसतं, त्यांचं घर काही दिसत नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होते.

साहेबांचा फोन आला. केबल खराब आहे, वेळ लागेल, असं मी सांगितलं. केबल चांगली होती.

नवी डिस्क लावली, तिच्यात विंडोज आणि गेम टाकले, जुनी तिच्या जोडीला बसवली. कॉपी सुरू झाली आणि अडकली. बंद करून डिस्क गार होऊ दिली. पुन्हा अडकली. तिसऱ्या वेळी, गोष्टीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर ठेवलेल्या सहापैकी पाच सेव्ह आल्या. शेवटची गेलीच. म्हणजे बहिणीची भेट तेवढी पुन्हा खेळायची होती.

याकूबभाई बसले. भाभींनी वाचलं, बहीण विचारतेय, इतका उशीर का केलास? उत्तरं दोन होती. वाट चुकलो, किंवा यायची भीती वाटली. माउस आधी पहिल्यावर गेला. मग त्यांनी दुसरं निवडलं.

"मागल्या वेळी पहिलं घेतलं हुतं तुमी," भाभी हळूच म्हणाल्या.

"हां."

मग पुरवणी टाकली. पाणी उतरत गेलं. ओल्या गल्ल्या, गाळ बसलेले उंबरे, एक पार. पुढं कुठं जायचं ते दाखवणारा बाण होता. याकूबभाई उलट्या बाजूला वळले. एकेका दारासमोर थांबत चालत राहिले. वाचायला काही नव्हतं म्हणून भाभी चहा ठेवायला उठल्या. शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती, शाईचा वास होता, आणि पडद्यावर कुणीच नसलेलं गाव. माझं काम संपलं होतं, तरी मी स्टुलावर बसून राहिलो.

चहा देताना भाभी म्हणाल्या, गोष्ट बहिणीपाशीच संपली, आता नुसतं हिंडणं हाय.

"हिंडायलाच पायजे हुतं," याकूबभाई म्हणाले.

पुढं मी असे बरेच गेम खेळलो. बहुतेक पुरवण्या नवी हत्यारं आणि नवे राक्षस देतात. मला त्या उगाचच्या वाटतात. गोष्ट चांगली असेल तर संपल्यावर तिला हात लावू नये, या भाभींच्या मताचा मी आहे. ही एक पुरवणी सोडून.

एका कॉलला अख्खा दिवस घालवला म्हणून साहेबांनी झापलं. त्यानंतर मी सर्व्हिस फॉर्मवर हातानं एक ओळ लिहायला लागलो, यातलं काय जपायचं आहे? जवळजवळ सगळी गिऱ्हाईकं लिहायची, विशेष काही नाही. तेव्हा पेन खिशात घालायचा आणि चहाला हो म्हणायचं. चहा निम्मा झाला की खरं उत्तर येतं.