वर्षाचा कागद

स्पास आमच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो आणि मी चौथ्या. त्याची फरशी तेच माझं छत. त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं मला वरून कळतं. खुर्ची सरकली, नळ सुटला, रेडिओ लागला. त्याची बायको रोसित्सा होती तोवर वर दोन माणसांची पावलं वाजायची. आता एकाचीच वाजतात, तीही कमी.

अठ्ठावीस वर्षं तो फेरीबोटीवर दोर सांभाळायचा. बोट काठाला लागली की दोर खुंट्याला गुंडाळायचा, निघाली की सोडायचा. अलीकडे आमचं विदिन, पलीकडे रोमानिया, मध्ये डॅन्यूबचं पाणी. पुढे पूल झाला, बोट बंद पडली, ट्रक वरून जायला लागले. स्पास त्या पुलावर एकदाही गेला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला काय काम तिथं? पुलाला कुठं बांधून ठेवावं लागतं?"

त्याची मुलगी एलका स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करते. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची. रविवारी फोन करते.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. मुलं उरली नाहीत तेव्हा शाळाही उरली नाही. आता नगरपालिकेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. तिथे झेरॉक्स काढतो आणि गेलेल्यांचे कागद छापतो. दुकान चालतं ते दुसऱ्या कामावर. काळी चौकट, वर फोटो, खाली नाव. माणूस गेला त्या दिवशी एक, चाळिसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी, वर्षाने, मग दर वर्षी. इमारतीच्या दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर. आमच्या गावात भिंतींवर जेवढे चेहरे आहेत तेवढे रस्त्यावर भेटत नाहीत.

रोसित्साचे पहिले तीन कागद मीच छापले होते. तिन्हींवर एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा. ओठ घट्ट मिटलेले, केस मागे ओढलेले. ती जिवंत असताना तो फोटो दाखवून म्हणायची, "हा पोलिसांनी मला शोधायला काढलाय." पण ती गेली तेव्हा घाईत तोच हाती लागला, आणि मग तोच चालू राहिला.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, दुपारी, स्पास दुकानात आला. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कॅमेरा.

"मास्तर, शनिवारी वर्ष होतंय."

"माहितीय. कागद तयारच आहे, तारीख तेवढी बदलायची."

"तो फोटो नको."

"मग दुसरा दे."

"यात आहे." त्याने कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. "बोटीच्या शेवटच्या दिवसाचा. हसतेय ती त्यात."

मी कॅमेरा सुरू केला. हिरवा दिवा लागला, भिंग बाहेर आलं, पण मागचा पडदा काळाच राहिला. पडद्याला कोपऱ्यातून तडा गेला होता. कार्डाची जागाही रिकामी होती.

"कार्ड कुठंय?"

"एलका घेऊन गेली. नातीचे फोटो होते त्यात. त्यानंतरचे कॅमेऱ्याच्या पोटात आहेत. फार नसतील."

म्हणजे पाहायचा एकच मार्ग होता, केबल लावून लॅपटॉपवर घेणं. मी खणातली केबल काढली, एक टोक कॅमेऱ्यात घातलं, दुसरं लॅपटॉपमध्ये. दोघंही गप्प. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावून पाहिलं. तिथेही गप्प. कॅमेरा बंद केला, चालू केला. लॅपटॉप बंद केला, चालू केला. स्पास स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होता, माझ्या तोंडाकडे नाही.

मग माझ्या लक्षात आलं. ती केबल कुठल्याशा स्वस्त दिव्याबरोबर आलेली होती. "ही नुसती वीज नेते," मी म्हणालो. "फोटो नेणाऱ्या तारा हिच्यात नाहीतच."

"म्हणजे बोट जाते, पण माणसं घेत नाही," स्पास म्हणाला.

जुन्या हार्ड डिस्कची एक केबल सापडली. ती लावली तेव्हा लॅपटॉपमधून 'टुंग' असा आवाज आला आणि स्पास उठून उभा राहिला. पण पडद्यावर आलं ते एवढंच, की काहीतरी जोडलंय आणि ते काय आहे ते ओळखता येत नाही.

"ओळखत नाही म्हणजे?"

"कोणीतरी दारात आलंय एवढं त्याला कळतंय. कोण ते कळत नाहीये."

मी त्या कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक इंटरनेटवरून काढलं आणि वाचत बसलो. तासाभराने उत्तर मिळालं. या कॅमेऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं, की पलीकडे लॅपटॉप असेल की प्रिंटर. एलका शेवटची आली होती तेव्हा तिने नातीचे फोटो थेट प्रिंटरला जोडून काढले होते. तेव्हापासून हा कॅमेरा प्रिंटरचीच वाट बघत होता. दुसरं कोणी आलं तर आपण कोण ते सांगत नव्हता.

"मग बदल ना ते."

"मेन्यूतून बदलतं. आणि मेन्यू दिसत नाही."

पुस्तकात मेन्यूचं चित्र होतं. मी कागदावर पायऱ्या लिहिल्या. मेन्यूचं बटण एकदा. उजवीकडे दोनदा. खाली सहा वेळा. 'ठीक'चं बटण. मग खाली एकदा, पुन्हा ठीक.

स्पासने कागद वाचला. "खाली सात वेळा दाबलं गेलं तर?"

मी सांगायचं टाळणार होतो. "सातवं आहे 'सगळं पुसून टाका'."

"ते पुन्हा विचारत असेल ना? खरंच पुसू का म्हणून?"

"विचारतं. पण विचारलेलं आपल्याला दिसणार नाही. आणि त्याला हो म्हणायलाही तेच लागतं. खाली एकदा, ठीक."

बाहेर बर्फाचं पाणी पन्हाळीतून ठिबकत होतं. मी म्हणालो, सोफियाला दुरुस्तीवाले आहेत, पाठवू, ते पडदा बदलून देतील, पंधरा दिवस लागतील.

"शनिवार आहे, मास्तर."

"मग तूच सांग. मी दाबायला तयार आहे, पण मोजण्यात चुकलो तर?"

"आण इकडे."

त्याची बोटं जाड आहेत, दोराने सालं निघून निघून निबर झालेली. ती बटणं त्या बोटांसाठी नव्हती. त्याने अंगठ्याचं नख वापरलं. डोळे मिटले.

"बघून तरी दाब," मी म्हणालो.

"काय बघू? दोराचे वेढे मी कधी बघून मोजले नाहीत. बघत बसलो असतो तर हात गेला असता."

प्रत्येक बटणाला बारीक टिक व्हायची. उजवीकडे दोन टिक. खाली एक, दोन, तीन. चौथ्याला आवाज आला की नाही, मला कळलं नाही. मी तोंड उघडलं तसं त्याने डोळे न उघडता दुसरा हात वर केला, बोटीवर वरच्या माणसाला थांबवायला करायचे तसा. पाच. सहा. ठीक. खाली. तिथे तो थांबला. मग ठीक.

मी केबल लावली. टुंग. थोड्या वेळाने पडद्यावर एक पिवळी पेटी आली. आत नऊ फोटो होते.

पहिल्या आठांमध्ये रोसित्सा नव्हती. बोटीचा गंजलेला कठडा. दोराचं वेटोळं. दूरचा काठ, वाकडा. स्पासची पाठ, तीन वेळा. एकात अर्ध्या चित्रावर बोट आलेलं, तिच्या हाताचं. कॅमेरा तिच्याच हातात होता. स्पास प्रत्येक फोटोला मान हलवत 'पुढे' म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी आवाज लहान होत होता.

नववा एका ट्रकवाल्याने काढलेला. डेकवर दोघं. वारा जोरात असावा, तिचा रुमाल आडवा उडालाय. वारा चुकवायला ती त्याच्या खांद्याआड शिरलीय, अर्धा गाल त्याच्या कोटावर दाबलाय, आणि हसतेय. वरचा एक दात नाही तेही दिसतंय.

"हीच," स्पास म्हणाला. "हीच ती."

मी फोटो कापायला घेतला. कागदावर एकाच माणसाचा चेहरा असतो. डावीकडून कापला, उजवीकडून कापला, तिरपा कापला. स्पासला काढलं की तिचा गाल जात होता, हनुवटी जात होती, हसू तेवढं अधांतरी राहत होतं.

"राहू दे मला तिथंच."

"स्पास, नाव तिचं असलं तरी लोक चेहरा बघतात. लोकांना वाटेल तू गेलास."

"कोणाला?"

मी दोघांचा फोटो ठेवला आणि सहा प्रती छापल्या.

शुक्रवारी त्याने स्वतःच हिंडून त्या चिकटवल्या. दारावर, खांबावर, थांब्यावर. शनिवारी सकाळी स्मशानात आम्ही दोघंच होतो. त्याने उकडलेले गहू आणले होते, मी वाइन. थडग्यावर वाइन ओतली, मेणबत्ती वाऱ्याने चारदा विझली. इमारतीतलं कोणी आलं नाही. कोणी विचारलंही नाही की तू कागदावर कसा.

चारच्या सुमाराला आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो तेव्हा दार वाजलं. दारात ल्युबेन होता, बोटीवर स्पासबरोबर एकोणीस वर्षं काम केलेला, आता बाहेरच्या गावात राहणारा. टोपी काढून हातात धरलेली. दुसऱ्या हातात कार्नेशनची चार लाल फुलं.

त्याने स्पासकडे पाहिलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"हरामखोरा," तो म्हणाला. "तू जिवंत आहेस."

"दार लाव, थंडी येतेय."

"बसमधून बघितलं तुझं थोबाड, थांब्यावर."

"खाली नाव कोणाचंय ते नाही वाचलंस?"

"बस काय मला वाचून दाखवायला थांबते? थोबाड दिसलं, पुढच्या थांब्यावर उतरलो. फुलवालीने विचारलं, माणूस आहे की गेलाय. म्हटलं, गेलाय, चार दे." तो फुलांकडे बघत राहिला; आमच्याकडे गेलेल्याला सम फुलं देतात, जिवंताला विषम. "थांब, यातलं एक काढतो. तीन झाली की तुला चालतील."

"चारच राहू दे. तिची आहेत."

"कोणाची?"

"रोसित्साची. आज वर्ष झालं."

ल्युबेन खुर्चीवर बसला. "मला कोणी कळवलं नाही रे."

"कागद होते. त्याच थांब्यावर. तीन वेळा."

"मी दर आठवड्याला तिथून जातो," ल्युबेन म्हणाला. "बघितलेही असतील. कोणीतरी म्हातारी, असं वाटलं असेल. ओळखली नाही मी तिला."

स्पासने तीन पेले काढले, राकिया ओतली. पिण्याआधी प्रत्येकाने थोडी तिच्यासाठी फरशीवर सांडली. मला वाटलं, खाली माझ्या छतावर डाग पडेल. ल्युबेनने बोटीच्या दोन गोष्टी सांगितल्या, एक आधी ऐकलेली होती. पाच वाजून दहाच्या बसला तो निघाला. दारात म्हणाला, "येत जाईन." स्पास म्हणाला, "ये."

त्याची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत आम्ही ऐकली.

"माझ्यासाठी उतरला तो," स्पास म्हणाला. "पण तिला ओळखलं असतं तर तिच्यासाठीही उतरला असता. तेव्हाच हा फोटो काढून घ्यायला हवा होता, मास्तर."

"आता आहे ना. दर वर्षी हाच लावू."

"माझ्या वेळीही हाच लाव. दुसरा शोधत बसू नकोस. एलका विचारेल, तिला सांग मी सांगितलंय."

"आणि मला कोण कळवणार?"

त्याने पेला धुतला, उपडा ठेवला. "तू खालीच राहतोस," तो म्हणाला. "तुला कळेल."

आता मी सकाळी लवकर उठतो. कॉफीचं भांडं गॅसवर ठेवतो, पण गॅस पेटवत नाही. वर नळ सुटतो, पाइपातून पाणी खाली येतं, माझ्या भिंतीतून जातं. मग पेटवतो.