ताऱ्यांचा पत्ता आणि अक्काची घागर

आज मी बहिणीच्या नावानं घागर भरली.

आमच्यात लेकीची घागर माहेरी भरत नाहीत.

खान्देशाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींनी माहेरी येण्याचा सण. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मातीची नवी घागर पाण्यानं भरून ठेवायची. वर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी. सकाळी उंबरठ्यावर एकेकाचं नाव घ्यायचं आणि कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं.

लेक येते ती झोका खेळायला. बोट उमटतं ते कुळातल्या माणसांचं.

माझी बहीण, अक्का, गेल्या श्रावणात गेली. कॅन्सर होता.

नवऱ्यानं दुसरा संसार मांडला तेव्हा ती माहेरी आली नाही. जळगावला एक खोली घेतली आणि पार्लर टाकलं. लॉकडाऊनमध्ये पार्लर बंद पडलं, तेव्हा मोबाईलवर बघून बघून टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते वाचणं, शिकली. पत्ते कुरिअरनं मागवले.

मला ते काही पटलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी मारुतीपुढे दिवा लावणारा माणूस.

"अक्का, आता भविष्य सांगायला लागलीस का?"

"भविष्य देवाकडे रे भाऊ. मी चित्र दाखवते. बोलतात त्या बायाच."

"आणि चित्र बघून काय देतात?"

"कोणी मेथीची जुडी देतं, कोणी लोणचं. तू तर येताना भुईमुगाच्या शेंगासुद्धा आणत नाहीस."

एकदा मी तिथं बसलेलो असताना शेजारची एक बाई आली. सासरी राहावं की निघावं, असं काहीतरी डोक्यात होतं तिच्या. अक्कानं पत्ता पालथा ठेवला, तिलाच उलटायला लावला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, अंगाभोवती दोर, आजूबाजूला तलवारी रोवलेल्या.

मला वाटलं, आता ही रडणार.

बाईनं पत्ता उचलून जवळून बघितला. मग म्हणाली, "हिचे पाय बांधलेले नाहीत."

अक्कानं उठून चहा ठेवला.

बाई गेल्यावर मी म्हटलं, "तू सांगितलं काय तिला?"

"काहीच नाही. तिला आतून माहीत होतं. मोठ्यानं बोलायला जागा नव्हती, एवढंच."

त्या दिवसापासून मी तिच्या पत्त्यांना नावं ठेवायचं बंद केलं.

शेवटच्या केमोनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. मी तोंड धुऊन तिच्या खाटेपाशी गेलो. तिनं उशीखालून पत्ते काढले. हाताची हाडं दिसत होती.

"एक उचल."

"आता कशाला अक्का?"

"उचल ना."

मी उचलला. वर एक मोठा तारा, भोवती लहान तारे. खाली पाण्याच्या काठावर गुडघा टेकून बसलेली बाई, दोन्ही हातांत एकेक घडा.

मनातलं बोलताना आम्ही घरच्या अहिराणीवर यायचो. तिनं विचारलं, "काय दिखस तुले?"

मी म्हटलं, "बाई पानी भरी राह्यनी."

"नीट देख. भरत नही. ओती राह्यनी."

पार्लरमधली तिची मैत्रीण मला नंतर म्हणाली, हा पत्ता म्हणजे आशा. चांगला पत्ता. सगळ्या जगात लोक त्यात आशाच बघत असतील.

मला घागर दिसली. आखाजीची.

मी पत्ता पालथा घातला.

ती हसली. "मी काही विचारलं नही, तरी तू पालथा घातला. म्हणजे तुले दिखनं."

मग छताकडे बघत म्हणाली, "मन्ही घागर कोन भरी रे भाऊ?"

सासरी तिचं नाव निघत नव्हतं. माहेरी लेकीची भरत नाहीत. तिनं जागा शोधून बघितली होती, आणि जागा नव्हती.

मी म्हटलं, "आधी बरी हो."

याला काही उत्तर म्हणत नाहीत.

आज सकाळी मी कुंभाराकडून आणलेल्या दोन घागरी धुऊन ठेवल्या. एक वडिलांची, आजी-आजोबांची. दुसरी बघून नाना, माझे चुलते, ओट्यावरूनच म्हणाले, "ही कोनी?"

"अक्कानी."

"पोर ज्या घरमा दिधी, तेच घर तिनं. आठे कशी भरशी?"

"त्या घरानं तिला बाहेर काढलं नाना. तिथं कोण नाव घेणार तिचं?"

"रीत शे ती."

मी दोन्ही घागरी भरल्या, वर डांगर आणि आंबा ठेवला. नानांशी वाद घालायचं आमचं वय कधी होतच नाही.

तेवढ्यात माय आतून आली. तिला आता नीट दिसत नाही, भिंतीला धरून चालते. तिनं दुसऱ्या घागरीवरचं डांगर चाचपलं, मग आंबा. आंबा उचलून बाजूला ठेवला.

म्हणाली, "आंबा नको. तिले कैरी आवडस."

आणि पदरातून कैरी काढून वर ठेवली. म्हणजे ती कालच मनाशी ठरवून बसली होती. तिला कोणी पत्ता दाखवला नव्हता.

नाना बघत होते. "तुमनं तुम्ही दखा," म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

मी उंबरठ्यावर बसलो. आजोबा, आजी, वडील. तीन बोटं उमटवली.

चौथ्याला हात थांबला. देवा, चुकत असेन तर माझ्यावर घे, एवढं मनात म्हटलं. मग तिचं नाव घेतलं. लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट.

पत्ते माझ्याकडेच आहेत. देवघरात ठेवायचं धाडस झालं नाही, बाजूच्या कोनाड्यात ठेवलेत. ताऱ्यांचा तेवढा आज काढून बघितला. त्या बाईच्या हातात दोन घडे आहेत. आज आमच्या घरात दोन घागरी आहेत.

बाहेर निंबाला झोका बांधलाय. गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणतायत. माय दारात बसून ऐकतेय.

अक्का, आखाजीला आलीस.

लांबून आलीस. पाणी पी.