आबा कॉलेज बघायला आले

मॅट्रिक झाले तेव्हा मला जीवशास्त्र शिकायचं होतं आणि आबांना, माझ्या वडिलांना, मी घरी परत हवी होते. साताऱ्यात आत्याकडे राहून, मेंढ्या विण्याच्या दिवसांत घरी येऊन शिकले तेवढं पुष्कळ झालं, असं त्यांचं मत. आमचं घर वडूजकडचं, मेंढरांचं. आबा पलटणीत राहून आलेले, म्हणून तर मला शाळा मिळाली. पण कॉलेज म्हटलं की कपाळाला आठी. पुणं लांब, कोल्हापुरात ओळखीचं कुणी नाही. मी हट्टाला पेटले, जेवण टाकलं, तेव्हा म्हणाले, "सांगलीचं बघून येऊ. पर घर पटलं न्हाई तर गप माघारी फिरायचं."

घर! आबांना मुलगी द्यायची एकच रीत ठाऊक, आणि त्याच रीतीनं ते निघाले. ठेवणीतला पटका बांधला, रहिमतपूरला आगगाडी धरली. सांगलीत उतरल्यावर कॉलेजात जायच्या आधी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे चौकशी. "माणसं कशी हाईत? पोरींस्नी तरास न्हाई न्हवं?" मला धरणी दुभंगावी असं झालं! मग मुलींच्या वसतिगृहाचा आड बघितला, पोहरा टाकून पाणी चाखलं. स्वयंपाकघरात डोकावून तिथल्या बाईंना म्हणाले, "भाकरी लय पातळ थापता, बाई."

जीवशास्त्राचे प्राध्यापक तसे भले. त्यांनी खुर्च्या पुढे केल्या, तर आबांनी उभ्यानंच विचारलं, "तुमच्यात वडीलधारं कोण? हिला कुनाचं ऐकावं लागंल?"

"माझंच," ते बिचारे गोंधळून म्हणाले. मग माझ्याकडे बघून मान हलवली. "पण हा विषय मुलींनी न घेतलेला बरा. बेडूक कापायला दिला की रडतात आणि नाव काढून घेतात. ही तर अगदीच लहानखुरी. टिकायची नाही."

झालं, संपलं! आबांना नकाराला आयतं निमित्त मिळालं. मी खाली मान घातली.

"कोन टिकायची न्हाई?" आबा कडाडले. "आवं, मेंढी अडली की आमचं दांडगं हात आत जात न्हाईत. तवा हीच बसती. कोपरापातूर हात घालून आडवं कोकरू सरळ करती आन जित्तं भाईर काढती. ती तुमच्या बेडकाला भिईल व्हय? नाव लिवा हिचं!"

प्राध्यापक खो खो हसत सुटले आणि त्यांनी नाव लिहून घेतलं. आबांनी परक्यापुढे माझं कौतुक केलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी हवेतच चालत स्टेशनावर आले.

आबा मात्र बाकावर जड होऊन टेकले. मग म्हणाले, "मी न्हाई म्हनायला आलतो गं."

"आता फिरताय व्हय?" मी झटकन विचारलं.

"न्हाई. दिला शब्द. पर आता मेंढी अडली तर मी हाक कुनाला मारू?"

"मी सुट्टीत येईनच की, आबा."

"मेंढरांस्नी सुट्टी कळती व्हय?" म्हणाले, आणि हसता हसता पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. इतकं भांडून मिळवलेलं कॉलेज त्या क्षणी मला नकोसं झालं.