शिवलीलाचं परण्याचं गाणं

त्या दिवशी नांदेडच्या आमच्या स्टुडिओत एका महिला भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग चालू होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी मी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवते, त्यामुळे शिवलीला गेल्याची बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली. तिच्या धाकट्या भावानं, मन्मथनं, कंटाळून खालच्या झेरॉक्सच्या दुकानात फोन लावला आणि ते दुकानदार स्वतःचा मोबाइल हातात घेऊन जिना चढून वर आले. मन्मथ एवढंच म्हणाला, "ज्योतीताई, अक्का गेली..." मी काचेपलीकडे पाहिलं. टाळ थांबले होते. मंडळातल्या एका आजींनी खुणेनंच विचारलं, कोण? मी आत जाऊन सांगितलं, "या स्टुडिओची अर्धी मालकीण." आजींनी टाळ पिशवीत भरले आणि मला म्हणाल्या, "आमचं ऱ्हाऊ दे बाई. तू आधी गाडी बघ."

उदगीरपर्यंतच्या वाटेवर मी रडले नाही. शिवलीलाची आठवण काढताना आधी हसूच यायचं, त्या दिवशीही तसंच झालं. लातूरच्या एका महाविद्यालयात संगीतनिर्मिती आणि गीतलेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता, तिथं आमची ओळख झाली. मी लोह्याजवळच्या एका शेतकरी घरातली, इलेक्ट्रॉनिक्स शिकून ध्वनिमुद्रणाच्या वेडापायी तिथं आलेली. पहिल्या दिवशी इनामदार सरांनी प्रत्येकाला स्वतःबद्दल बोलायला सांगितलं. कुणी सांगितलं गिटार वाजवतो, कुणी सांगितलं घराणं कोणतं. एक ठेंगणी, जाड भिंगाच्या चष्म्याची मुलगी उठली आणि म्हणाली, "मी शिवलीला. उदगीरची. मी भांड्यांवर नावं घालते." वर्ग हसला. ती अजिबात ओशाळली नाही. वर्ग गप्प होईपर्यंत थांबली आणि मग तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. वडिलांचं, बसप्पाअण्णांचं, स्टीलच्या भांड्यांचं दुकान. लग्नसराईत लोक आहेराची भांडी घेतात आणि त्यावर नावं कोरून मागतात. शाळेत असल्यापासून ते टर्रटर्र वाजणारं यंत्र तिच्याच हातात. घागर असो की वाटी, नाव बसवावंच लागतं. "मामाचं नाव लांब असलं म्हणून मामा बदलता येत न्हाई," ती म्हणाली, "जागा बदलावी लागती." गीतलेखनाबद्दल त्या दोन वर्षांत मी बरंच ऐकलं, पण याहून सोपं कुणी सांगितलं नाही.

शेवटच्या सत्रात जोडीनं एक प्रकल्प करायचा होता. गाणी स्वतः लिहायची, स्वतः मुद्रित करायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मांडायची. आमच्या वर्गातल्या मुलांनी हौसेनं कामं केली. एका जोडीनं मुखेडच्या आठवडी बाजारातल्या आरोळ्या गोळा करून त्यांचा ताल बांधला. एकानं आपल्या तोतऱ्या काकांच्या बोलण्यावरून अंगाई केली, तीही इतकी हळुवार, की ऐकताना वर्गात कुणाला मान वर करवेना. मला वाटत होतं, आम्ही प्रेमाची पाच-सहा गाणी करावीत. चाली माझ्याकडे तयार होत्या. शिवलीलानं त्या शांतपणे ऐकल्या, हेडफोन काढले आणि म्हणाली, "साकू." साकू म्हणजे पुरे. उदगीरकडच्या बऱ्याच घरांत असे कानडी शब्द असतात, आणि ती ते वादात शेवटचा शब्द म्हणून वापरायची. तिला बँडासाठी गाणं करायचं होतं. लग्नाच्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, तो परण्या. त्यात वाजायला. "बँडवाले वर्षानुवर्षं सिनेमातलंच वाजवायलेत. आपल्या लग्नात आपलं गाणं न्हाई, ज्योते. आपण करू. लोक नाचले तर आपण पास. न्हाई नाचले तर नापास. परीक्षक काय का म्हणेना."

घरी हे कळल्यावर बसप्पाअण्णा चिडले. ते दर सोमवारी उपास करणारे, कपाळाला भस्म लावल्याशिवाय दुकानाचं शटर न उघडणारे गृहस्थ. मुलगी शिकायला लातूरला राहते हे त्यांनी मान्य केलं होतं. मुलगी बँडाच्या गाडीबरोबर रस्त्यानं हिंडणार, हे त्यांच्या पचनी पडेना. शिवाय तिच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून अधू होती. उन्हात, गर्दीत, धक्काबुक्कीत जाऊ नको, असं डॉक्टर सांगत आले होते. अण्णांनी फोनवर विचारलं, "लोक काय म्हणतील?" तिनं उत्तर दिलं, "नाचतील, अण्णा." त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. ती दर रविवारी घरी फोन करायची, आईशी बोलायची आणि शेवटी मोठ्यानं म्हणायची, "अण्णांना सांग, तब्येत बरी हाय." पलीकडे ते ऐकत उभे असतात, अशी तिची खात्री होती.

नांदेडात रहीमचाचांचा बँड होता. ते स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते अंगणात बसून टोप्यांचे गोंडे शिवत होते. शिवलीलानं गाणं म्हणून दाखवलं. चाल सोपी, चढी, पायाला लगेच कळणारी. शब्द असे:

कोण आलं गं कोण आलं,
मांडवाच्या दारी कोण आलं?

आणि त्यापुढच्या ओळीत नावाची जागा मोकळी. तिथं त्या लग्नातल्या माणसाचं नाव आणि त्याची एखादी खूण घालायची. प्रत्येक लग्नात गाणं वेगळं. चाचांनी ऐकलं आणि मान हलवली. "बेटी, गाना अच्छा है. लेकिन पब्लिकको नवा गाना नक्को. नवा लगाया तो लोगां बैठ जाते." शिवलीला म्हणाली, "चाचा, एक दफा. नाही जमलं तर तुमचं नेहमीचं लावा." चाचा तिच्याकडे पाहून हसले. पुढं ते मला म्हणाले होते की तिला नाही म्हणायची त्यांनी मनात तयारी केली होती, पण ती मधेच सुईत दोरा ओवायला बसली.

मुखेड तालुक्यातल्या एका लग्नात तो प्रयोग झाला. मी रेकॉर्डर गळ्यात अडकवून गाडीच्या मागं चालत होते. पुढं घोडा, मधे पोरं, मागं जनरेटर. चाचांनी गाणं सुरू केलं, त्यांच्या गायकानं माइकवर ओळी म्हटल्या, आणि परण्या जागच्या जागी थंडावला. पोरं उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, हे काय लावलं? गाणं लावा की!" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिवलीलाला शोधलं तर ती जागेवर नव्हती. ती मागं बायकांच्या घोळक्यात शिरली होती आणि एकीच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होती. मग ती धापा टाकत गाडीपाशी आली, गायकाच्या हातातून माइक घेतला आणि स्वतः गायला लागली. तिचा आवाज काही गोड नव्हता, थोडा घोगराच होता. पण शब्द एकेक करून लोकांपर्यंत पोचत होता.

कोण आलं गं कोण आलं,
दगडूमामा आले आले,
मिशीला पीळ देत आले!

नवरदेवाचे दगडूमामा बाजूला, पानटपरीच्या सावलीत उभे होते. एवढ्या मोठ्या लाउडस्पीकरवर आपलं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नसावं. क्षणभर ते गोंधळले. बायका फिसकन हसल्या. आणि मामांनी खांद्यावरची दस्ती हवेत फिरवत, "हाव! आलो!" अशी आरोळी ठोकून थेट घोड्यापुढं उडी घेतली. मग काय... मामी आल्या, मावशी आली, "आमच्या आत्याचं राहिलं, आत्याचं घ्या" म्हणत पोरं गाडीला चिकटली. मारुतीचं देऊळ हाकेच्या अंतरावर होतं, पण परण्या पोचता पोचेना. भटजींचा निरोपावर निरोप येत होता. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धा वेळ जनरेटर, घोड्याचे घुंगरू आणि लोकांचं हसणं आहे. शिवलीला नंतर देवळाच्या पायरीवर बसली तेव्हा तिचे ओठ निळसर दिसत होते. मी घाबरले. ती पाणी पिऊन म्हणाली, "पास झालो की न्हाई, ते सांग."

परीक्षेपूर्वी मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. इनामदार सरांनी सांगितलं होतं, परीक्षकांना एक पक्की, स्वच्छ प्रत द्यावी लागेल. मी स्टुडिओत ती तयारही केली होती, प्रत्येक वाद्य वेगळं, निर्मळ. शिवलीला म्हणाली, रस्त्यावरचीच द्यायची. मी म्हटलं, "त्यात माझं काम दिसतच नाही, नुसता गोंगाट आहे." ती म्हणाली, "त्यात दगडूमामा दिसतात." शेवटी दोन्ही द्यायचं ठरलं. परीक्षक पुण्याहून आले होते, सज्जन आणि नेमके. पहिली प्रत ऐकून म्हणाले, छान, स्वच्छ आहे. दुसरी ऐकताना मामांची आरोळी आली तसे ते दचकले. "हे कोण?" शिवलीलानं सगळी हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, "मग या गाण्याची अंतिम आवृत्ती कोणती धरायची?" ती म्हणाली, "अंतिम न्हाई सर. जितकी लग्नं तितकी." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं... मग त्यांनी ती आरोळी पुन्हा एकदा ऐकायला मागितली. गुण मध्यम मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं, गीत उत्तम, ध्वनिमुद्रण सदोष. मी दोन दिवस जेवले नाही. शिवलीला मात्र तो शेरा वाचून म्हणाली, "माणूस खरा हाय. सदोष तर हायच. पुढच्या वेळी जनरेटर लांब ठेवू."

पुढची वेळ लवकरच आली. चाचांना त्या गाण्यासाठी बोलावणी यायला लागली, मग लोहा, हिमायतनगर, अहमदपूर, निलंगा... दुसरे बँडही मागायला लागले. शिवलीलानं सगळ्यांना गाणं दिलं, पण अट घातली, सुरुवातीला तिचं नाव घ्यायचं. एका बँडवाल्यानं टाळलं तर ती त्याच्या पुढच्या लग्नात जाऊन गाडीसमोर उभी राहिली. "आधी नाव, मग गाणं," म्हणाली. तिला यात लाज वाटली नाही आणि गर्वही वाटला नाही. केलं आहे तर नाव घ्यावं, एवढं साधं. मग आम्ही दोघींनी नांदेडला हा स्टुडिओ थाटला. पुण्याला ये, असं तिला कितीदा बोलावणं आलं. तिचं ठरलेलं उत्तर होतं, "तिथं लग्नं न्हाई होत का? मग तिथली गाणी तिथल्यांनी करावीत."

अण्णांचा अबोला उदगीरच्याच एका लग्नात सुटला. नवरी त्यांच्या चुलतबहिणीची नात. परण्यात तेही हात मागं बांधून, चेहरा घट्ट करून चालत होते. गाणं चालू झालं. नावं येत गेली. आणि अचानक लाउडस्पीकरवरून आलं, "बसप्पा आले आले, भस्म लावून आले आले." माणसं त्यांच्याकडे वळली. ते नाचले नाहीत, ते नाचणाऱ्यांतले नव्हतेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात, कित्येक महिन्यांनी, ते लेकीशी बोलले. म्हणाले, "नुसतं बसप्पा काय? लहानथोर ऐकत होते. बसप्पाअण्णा म्हणायचं." ती म्हणाली, "अण्णा, चालीत बसत न्हाई." ते म्हणाले, "मग बसव." ती हे सांगताना इतकी हसायची, की चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे.

आमची शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात झाली. तापाचं निमित्त झालं होतं आणि त्या जुन्या झडपेनं आता साथ सोडली होती. ती उशांना टेकून बसली होती, आवाज अगदी खाली गेलेला. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "हिमायतनगरच्या पोरीचं गाणं कुठं अडलं?" यंदा एक विद्यार्थिनी तिचा शेवटचा प्रकल्प आमच्याकडे करत होती. मी सांगितलं, दुसऱ्या कडव्यात. शिवलीलानं डोळे मिटून ते कडवं मनात म्हटलं असावं, बोटं चादरीवर चालत होती. "तिला म्हणावं, दुसरं कडवंच काढून टाक. तिला जे म्हणायचं ते पहिल्यातच म्हणून झालंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि माझ्यावर गाणं करू नको हं. तुझ्या चाली रडक्या असतात." मी हसले. मला वाटलं, इतकी तिखट जीभ आहे तोवर काही होत नाही...

उदगीरला, त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे तिला बसवून, फुलांनी सजवून नेलं. पुढं भजन होतं. रहीमचाचा नांदेडहून आले होते, क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून. त्यांनी अण्णांना हळूच विचारलं, वाजवू का? अण्णा म्हणाले, "आज भजनच चालू द्या, चाचा. तुम्ही माझ्यासंगं चला." आणि चाचांचा हात धरून ते शेवटपर्यंत चालले. एकेकाळी बँडाच्या नावानं बोटं मोडणारा हा माणूस बँडमास्तरच्या आधारानं लेकीला पोचवायला निघाला होता. मी मागून ते पाहत होते आणि शिवलीलानं आपल्या आयुष्यात काय मिळवलं, ते मला त्या दोन पाठींकडे बघून कळत होतं.

आता काही आठवडे झालेत. स्टुडिओ मी तिसऱ्याच दिवशी उघडला, तिला दुसरं काही चाललं नसतं. कन्सोलपुढची तिची खुर्ची मात्र तशीच राहिली होती. शिवलीला ठेंगणी, काचेपलीकडचा गायक दिसावा म्हणून ती खुर्ची अगदी वरपर्यंत चढवून बसायची, पाय अधांतरी, चपला खाली. मी त्या खुर्चीला हात लावला नव्हता. मागच्या आठवड्यात हिमायतनगरची ती मुलगी प्रकल्पाचं शेवटचं रेकॉर्डिंग करायला आली आणि सरळ जाऊन तीत बसली. ती उंच आहे, गुडघे टेबलाला आपटायला लागले. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणाची खुर्ची हे तिला माहीत होतं. "ताई, थोडी खाली घेऊ का?" मी जवळ गेले. मग म्हटलं, "घे. उजवीकडं दांडी आहे." तिनं दांडी ओढली, खुर्ची सुस्कारा सोडत सावकाश खाली आली. काचेपलीकडे गाणारी मुलगी माइकसमोर उभी होती, हेडफोन सारखे करत. मी रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला आणि म्हटलं, "चला, सुरू करा."