चांगुणावहिनींचं मशीन

कुठल्याही नव्या खोलीत शिरल्या की चांगुणावहिनी आधी मधोमध उभ्या राहत, एक टाळी वाजवत आणि ऐकत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. उरणजवळच्या त्या गावात मी नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते, आणि शाळेच्या गॅदरिंगला स्पीकर लावायला त्या आल्या होत्या. नऊवारीचा काष्टा, खांद्यावर वायरचं भेंडोळं. "वर पत्रा हाय बाय," त्या मला म्हणाल्या. "ट्रेबल वाढवला तं आवाज कानात टोचंल." एका मुलीला माइकवर कविता म्हणायला लावून त्या शेवटच्या कोपऱ्यात गेल्या, ऐकून परत आल्या आणि ॲम्प्लिफायरचं बटण किंचित मागे घेतलं.

स्पीकर भाड्याने द्यायचा धंदा त्यांच्या नवऱ्याचा. तो तापाने गेला तेव्हा दीर स्पीकरचं मशीन न्यायला दारात आला. "बाईमानसाचा काम हाय का ह्या?"

वहिनी उंबऱ्यातून उठल्या नाहीत. "शिकंन नायतर मोडंन. पन देनार नाय."

शॉक खात, टोमणे ऐकत त्या शिकल्या. हळदीला, नामकरणाला तेच मशीन वाजू लागलं.

त्या दिवसांत नव्या शहरासाठी आमच्या भागातल्या जमिनी जात होत्या. त्याबद्दल एका साहेबांची सभा नव्या कॉलनीच्या हॉलमध्ये भरली. स्पीकर वहिनींचेच होते. सिमेंटच्या कोऱ्या भिंती, बोललेलं सगळं घुमत होतं. साहेबांच्या माणसाने वर बेसही वाढवायला लावला. साहेबांच्या आवाजाला वजन हवं म्हणाला. वहिनींनी नको म्हणून सांगितलं, तरी त्याने ऐकलं नाही.

साहेबांचं भाषण झाल्यावर गावातली म्हातारी जानकीआजी माइकपाशी गेली. तिचे शब्द त्या घुमण्यात विरघळले. साहेब म्हणाले, "आजी, काही कळत नाही. बसा खाली." पुढचे लोक हसले. म्हातारी वळली.

"थांब आये," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बेस पार खाली आणला, ट्रेबल थोडा चढवला. "आता बोल. पयल्यापासून."

"माज्या भाताच्या शेतान मोजनीच्या खुंट्या मारल्या," आजीचा बारीक, चिरका आवाज मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ पोचला. "शेत मी लावतंय. मना कोनी इचारला?"

साहेबांचा माणूस ॲम्प्लिफायरकडे धावला. "माइक बंद करा, बाई."

वहिनी मशीनसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "मशीन माजा हाय. तिचा बोलना झाल्याबिगर बंद होनार नाय." आजीमागून आणखी बायका माइकपाशी आल्या. एकीचंही बोलणं वहिनींनी अर्धवट तोडू दिलं नाही.

त्याची किंमत त्यांनी मोजली. मोठ्या माणसांनी त्यांना बोलावणं बंद केलं. दिराने नवा सेट आणला, लग्नं त्याच्याकडे गेली. वहिनी मिठागरावर टोपल्या वाहू लागल्या. कुणी म्हणालं, साहेबांची माफी मागा, कामं परत मिळतील. त्या म्हणाल्या, "बटन फिरवल्याची माफी?" आणि पुन्हा टोपली उचलली.

जानकीआजीचं शेत गेलंच. माझी बदली झाली तेव्हा मी वहिनींचा निरोप घ्यायला गेले. न राहवून विचारलं, "एवढं करून काय मिळालं, वहिनी?"

मिठाने फुटलेल्या हातांना त्या तेल चोळत होत्या.

"जमीन गेली, ती गेली," त्या म्हणाल्या. "पन बाया काय बोलल्या, त्या आमाला आयकू आला नाय, असा आता कोनाला बोलता येनार नाय."