वहीतली तिसरी खूण

“बाईंच्या वहीत हाय म्हंजे हाय.”

हे म्हणताना सर उजव्या हाताचा पंजा आमच्या फाटकाच्या खांबावर हलकेच आपटायचे. पोहून आलेले असले की तिथे ओला पंजा उमटायचा. नांदेडच्या उन्हात तो मिनिटभरात वाळून जाई, म्हणून मी कधी काही बोलले नाही.

तुम्हा दोघांना ते आठवत असतील. मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा पाठीला वाळका भोपळा बांधून तुम्हाला पोहायला शिकवणारे तेच. तुम्ही त्यांना सरकाका म्हणायचात. परवा फोनवर विचारलंत, “आजी, सरकाका हल्ली दिसत का नाहीत?” मी म्हटलं, लातूरला गेले. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं लिहून पाठवते. बोलायला गेले की माझा आवाज बदलतो; लिहिताना मला नीट सांगता येतं.

मी मुख्याध्यापिका होते त्या शाळेत ते पी.टी.चे शिक्षक म्हणून आले, कंत्राटावर. मी निवृत्त झाले तरी त्यांचं कंत्राट तसंच होतं, दर जूनला नवं. गाव मुखेडकडचं. पोहणं विहिरीत शिकलेले. आमच्या गल्लीतच दोन खोल्यांत राहायचे. बायको आणि आई सोबत. शाळेत मी त्यांना ‘सर’ म्हणायचे, गल्लीतही तेच राहिलं.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ट्रायथलॉन मनावर घेतलं. आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. मध्ये थांबायचं नाही, आणि सगळं साडेआठ तासांत. शहरातल्या सायकल क्लबने पहिल्यांदाच अशी शर्यत ठेवली होती. लातूरच्या एका पोहण्याच्या अकादमीच्या मालकाने सरांना सांगितलं होतं, “पूर्ण करून या, कोच म्हणून कायम घेतो.” कायम या शब्दासाठी सर काय काय करत होते, ते सगळ्या गल्लीने पाहिलं.

पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलीचे कपडे किती लवकर चढवता येतात, याची ते आमच्या अंगणात तालीम करायचे. अंगावर बादलीभर पाणी ओतून घ्यायचं, पळत यायचं, मोजे, बूट, हेल्मेट. मी स्टॉपवॉच धरून पायरीवर. समोरच्या काकू भाजी निवडायला मुद्दाम तेव्हाच बाहेर बसायच्या.

“सर, एवढ्या घाईनं तर नवरदेव बी कपडे घालत न्हाई.”

“काकू, नवरदेवाला कुठं सायकल चालवायचीय.”

“मंग डाव्या पायात उजवा बूट काहून घातला?”

सर खाली बघायचे, बूट काढायचे आणि मला म्हणायचे, “लिवा बाई. दोन मिनिट अकरा. बूट चुकला ते बी लिवा.”

मी लिहायची. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. दूध किती आलं हेसुद्धा मी लिहून ठेवते. त्यांच्यासाठी वेगळी दोनशे पानी वही केली होती. दर रविवारी सकाळी ते यायचे, आठवड्याचे आकडे सांगायचे, चहा घ्यायचे. दमट हवेची सवय व्हावी म्हणून ते अर्धापूरच्या रस्त्याला केळीच्या बागांतून भर दुपारी पळायचे. पाणी दिलेल्या केळीत हवा हलत नाही. घाम वाळतच नाही. एकदा घरी येऊन शर्ट पिळून दाखवला आणि म्हणाले, “हे मोजून लिवता येईल का?”

एक रविवार मात्र मला वेगळा सांगायचा आहे.

त्या दिवशी तलावावर मी त्यांच्या फेऱ्या मोजत होते. ऐंशी फेऱ्यांचे दोन किलोमीटर. ते काठाला लागले, मी म्हटलं, “ऐंशी. शाब्बास.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, एकोणऐंशी झाल्या.” मी म्हटलं, माझ्याकडे ऐंशी खुणा आहेत. ते वळले, एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “आता ऐंशी. वही बरोबर पाहिजे.”

मी घरी येऊन खुणा पुन्हा मोजल्या. एका जागी पेन दोनदा टेकलं होतं. मला फार लाज वाटली. माझ्या वयात माणूस पहिल्या चुकीला घाबरत नाही, ती पहिली आहे की नाही याला घाबरतो. चहाला आले तेव्हा ते त्यांना समजलं असावं. म्हणाले, “मी कुणाला सांगत न्हाई, बाई. तुमच्या-माझ्यातली गोष्ट.”

अकादमीला माझं शिफारसपत्र हवं होतं. ते मी त्याच संध्याकाळी इंग्रजीत लिहिलं. त्यातल्या एका शब्दाचा त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, “मोजताना जो स्वतःला सूट देत नाही, असा माणूस.” त्यांनी पत्राची घडी घातली, ती वरच्या खिशात ठेवली आणि खिसा दोनदा थोपटला.

शर्यत पावसाळा सरताना होती. रात्री पाऊस आणि दिवसा कडक ऊन, असे ते दिवस. क्लबकडे पायाला बांधायची यंत्रं नव्हती, म्हणून पळण्याच्या फेऱ्या मोजायला दोरे ठरले. सात-सात किलोमीटरच्या तीन फेऱ्या. शर्यत संपते त्या कमानीपासून निघायचं, साडेतीन किलोमीटरवर वळण, तिथून परत कमानीशी. वळणावर माणूस बसवायचा. पळणारा आला की त्याच्या मनगटाला दोरा बांधायचा आणि वहीत खूण करायची. पहिल्या फेरीला लाल, दुसरीला हिरवा, तिसरीला पिवळा. क्लबचे अध्यक्ष डॉक्टर आहेत, माझे जुने विद्यार्थी. ते म्हणाले, “वळणावर बाईच बसतील. दुसऱ्या कुणाचा हिशेब मला नको.”

आदल्या दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी आणि सरांनी मिळून दोरे कापले. चौतीस स्पर्धक, प्रत्येक रंगाचे चौतीस तुकडे, प्रत्येक एक वीत. सर मापून धरत, मी कात्री चालवत होते. मध्ये मी उठून चहा करून आणला. गड्ड्या रबर लावून पिशवीत ठेवल्या.

सकाळी वळणावरच्या मांडवात मी त्या पुन्हा मोजल्या. लाल चौतीस, हिरवे चौतीस, पिवळे तेहतीस. दोनदा मोजले. तेहतीसच. मला ती ऐंशीवी फेरी आठवली. म्हटलं, हात आता असेच चुकणार. रीळ जवळ होतं, एक तुकडा नवीन कापला आणि गप्प बसले.

तो दिवस कसा होता ते तुमच्या तिकडच्या थंडीत समजणार नाही. दहालाच मांडवाच्या कापडाखाली श्वास जड येत होता. माठाला बाहेरून धारा लागल्या होत्या. पेन बोटांतून निसटायचं, वहीचं पान मनगटाला चिकटायचं. पळणारी माणसं लांबून पाण्यातून आल्यासारखी हलताना दिसायची. बरेच जण पहिल्या फेरीतच बसले, त्यांना जीपमधून नेलं.

सर पहिल्या फेरीला हसत आले. मी लाल दोरा बांधला. गाइडच्या शिबिरात शिकलेली चपटी गाठ मी बांधते. दोन्ही टोकं सारखी, मनगटाला बोचत नाही. “कसं वाटतंय?” “लई भारी, बाई. सायकल चांगली झाली.”

दुसऱ्या फेरीला आले तेव्हा हसू नव्हतं. ओठांच्या कडांना मीठ धरलं होतं. पाय टाकताना गुडघे आत वळत होते. मी हिरवा दोरा बांधला. म्हटलं, “दोन मिनिटं बसा. वेळ आहे.”

“बसलो की गेलो, बाई.”

“मग चालत जा. चालत गेलात तरी होईल. अजून एकदाच माझ्याकडं यायचंय.”

त्यांनी पिवळ्या दोऱ्यांच्या गड्डीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हाव,” म्हणाले, आणि गेले.

मी वाट बघत बसले. सव्वा वाजून गेला. एकेक जण येत होता, पिवळा दोरा बांधून घेत होता, जात होता. दीड. पावणेदोन. आता कुणीच येईना. शेवटी मी सरांच्या नावचा पिवळा दोरा आधीच हातात घेऊन उभी राहिले, म्हणजे बांधायला त्यांचा वेळ जायला नको. तो घामाने माझ्या बोटांना चिकटला होता.

दोन वाजता मला राहवेना. पाणी वाटायला केळीचे एक व्यापारी होते, त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले. कितीतरी वर्षांनी अशी बसले असेन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. प्रत्येक बागेशी त्यांना थांबायला लावायची आणि हाक मारायची, “सर! सर!” आत पानं एवढी दाट की पडलेला माणूस हातभर अंतरावरही दिसला नसता. एका पाटाच्या कडेला मी उतरून बघितलं. काय बघायला लागेल, याचे सगळे प्रकार माझ्या डोक्यात होऊन गेले. त्यांच्या आईला काय सांगायचं, ते वाक्यसुद्धा मी जुळवलं होतं.

आम्ही शेवटच्या कमानीशी पोचलो तेव्हा हलगी वाजत होती. सर कमानीखाली उभे होते, गळ्यात पदक. बायको रडत होती, आई त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होती. कुणीतरी म्हणालं, “सर, हात वर.” त्यांनी मूठ वर केली, फोटो निघाला. त्याच वेळी मी मोटारसायकलवरून उतरत होते.

वर केलेल्या मनगटाला तीन दोरे होते. लाल, हिरवा, पिवळा.

मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला. ते जिवंत होते. मग माझ्या बोटांना चिकटलेला दोरा मला जाणवला.

डॉक्टरांनी वही मागितली. बोट फिरवत खाली आले. “बाई, सतरा नंबर. सरांची तिसरी खूण राहिली का?”

“राहिली नाही,” मी म्हटलं. “ते तिसऱ्यांदा आलेच नाहीत.”

सगळे सरांकडे वळले. मला वाटलं, आता ते डोळ्यांवरचा घाम पुसतील आणि म्हणतील, बाईंच्या वहीत नाही म्हणजे नाही. मी खरोखर त्याचीच वाट बघत होते.

सर म्हणाले, “बाईंच्या नजरंतून सुटलं असंल. ऊन लई होतं.” मग खाली बघत, “मागं बी एकदा तलावावर एकोणऐंशीच्या ऐंशी लिवल्या होत्या बाईंनी. वय झालंय.”

कुणी रागावलं नाही. तेच वाईट होतं. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी लिंबू सरबत. डॉक्टरांनी माझी नाडी बघितली. “बाई, सकाळपासून उन्हात आहात. चूक आमची, तुम्हाला बसवायलाच नको होतं.” मग अगदी हळुवारपणे त्यांनी माझ्याच वहीत, स्वतःच्या पेनने, सतरा नंबरपुढे तिसरी खूण केली.

मी गाठ दाखवू शकले असते. सर हातभर अंतरावर होते आणि मला स्पष्ट दिसत होतं. दोन गाठी चपट्या, माझ्या. तिसरी एका हाताने, दातांत टोक धरून ओढलेली. एक टोक आखूड, दुसरं लांब आणि चावून विसविशीत झालेलं. पण त्यांची आई माझ्याजवळ आली होती. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “बाई, तुमच्यामुळं झालं.” मी सरबत प्याले.

दया आली म्हणून गप्प बसले, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण खरं कारण तेवढंच नाही. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता आणि ते मला सगळ्यांसमोर बघायचं नव्हतं.

पळताना थकून ते वळले असते, तर मी समजू शकले असते. त्या उन्हात माझंही डोकं जागेवर नव्हतं. पण पिवळा दोरा आदल्या दुपारीच गेला होता. मी चहा करत होते तेव्हा. साखर किती, म्हणून मी आतून विचारलं होतं आणि त्यांनी नेहमीच्या आवाजात उत्तर दिलं होतं, “दीड चमचा, बाई.”

त्यानंतरच्या रविवारी मी दोन कप मांडले. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. महिन्याभरात खोल्या रिकाम्या झाल्या. जाताना त्यांची बायको पेढे देऊन गेली. सर टेम्पोत सामान बांधत होते. दोर ओढताना त्यांची पाठ आमच्या फाटकाकडे होती आणि ती शेवटपर्यंत तशीच राहिली. समोरच्या काकू म्हणाल्या, “सर एवढे मोठे झाले, बाईंच्या पाया बी न्हाई पडले.” मी म्हटलं, घाईत असतील.

मागच्या महिन्यात मी लातूरला माझ्या बहिणीकडे गेले होते. स्टँडवरून ऑटो केला. एका चौकात गर्दीत ऑटो अडकला. समोर अकादमीचा फ्लेक्स होता, दोन मजली घराएवढा. प्रवेश सुरू. आणि त्यावर सर, मूठ वर केलेले.

फोटो इतका मोठा केला होता की मनगटावरचे दोरे सुतळीएवढे जाड दिसत होते. चौकातलं कुणीही वाचू शकलं असतं: दोन चपट्या गाठी, आणि खाली लोंबणारं ते पिवळं, चावलेलं टोक.

“ओळखीचे हायत का, आजी?” ऑटोवाल्याने आरशातून विचारलं. “लई कडक कोच हाय म्हणतात. आमची पोरगी जाती तिथं. एक फेरी कमी मारू देत न्हाई.”

“हाव,” मी म्हटलं. “ओळखीचे आहेत.”

ऑटो हलेपर्यंत मी बघत राहिले. मूठ वर आहे, तोंड उघडं आहे, पदक झळकतंय. पण सर कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. त्यांची नजर डावीकडे आहे, थोडी खाली, रस्त्याकडे. त्या बाजूने तेव्हा एक मोटारसायकल येऊन थांबली होती आणि मागच्या सीटवरून एक म्हातारी बाई, हातात पिवळा दोरा घेऊन, उतरत होती.